कॅनडातील कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे निष्ठावंत आणि सर्वसाधारण मतदार : अंतर कसे तपासावे

२८ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या कॅनडाच्या सार्वत्रिक निवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४१.३ टक्के मते मिळाली. १९८८ नंतर उजव्या बाजूच्या कोणत्याही पक्षाच्या पदरात तेथे एवढा वाटा पडला नव्हता. तरीही लिबरल पक्षासमोर कन्झर्व्हेटिव्ह पक्ष हरला, आणि पक्षनेते पिएर पॉलिएव्ह २००४ पासून राजधानी ओटावालगतच्या ज्या भागातून निवडून येत होते, तेथील कार्लटन मतदारसंघात ते स्वतः पराभूत झाले. चार महिन्यांच्या आत अल्बर्टा प्रांतातील बॅटल रिव्हर–क्रोफुट या ग्रामीण मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवून, सुमारे ८० टक्के मते घेऊन ते संसदेत परतले; आणि जानेवारी २०२६ मध्ये कॅल्गरीच्या अधिवेशनात ८७ टक्क्यांहून अधिक प्रतिनिधींनी त्यांचे नेतृत्व कायम ठेवले.

देशाने पंतप्रधानपद नाकारलेला नेता पक्षाला इतका हवाहवासा का वाटतो, या प्रश्नावर ‘पक्षाचे लोक कडवे आणि देश मवाळ’ असे एका वाक्यातले उत्तर देण्याची घाई अनेक जण करतात. ते उत्तर अर्धेच खरे आहे. अंतर आहे, पण ते सर्व विषयांवर सारखे नाही. काही विषयांवर ते जवळजवळ नसतेच, काही विषयांवर ते मताचे नसून तीव्रतेचे असते, आणि निवडणूक कोणत्या विषयावर लढली जाते यावर ते उघडे पडणार की झाकले जाणार हे ठरते. हे अंतर कसे तपासावे, कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे आणि फसगत कोठे होते, ते पुढे मांडले आहे.

आधी ‘निष्ठावंत’ कोण, हे ठरवावे

बहुतेक गोंधळ येथेच होतो. पक्षाचे सदस्य, पक्षाला पैसे देणारे आणि पक्षाला दर निवडणुकीत न चुकता मत देणारे हे तीन गट एकमेकांत मिसळलेले असले तरी एक नाहीत. एखादे विधान यांपैकी नेमके कोणाविषयी केले आहे, हे स्वतःला विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये.

सदस्यत्वाचे शुल्क वर्षाला १५ डॉलर आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेला कोणीही नागरिक किंवा कायम रहिवासी सदस्य होऊन पक्षनेत्याच्या निवडीत मत देऊ शकतो. म्हणजे ब्रॅम्प्टन किंवा मिसिसॉगा येथे कायम रहिवासाचा परवाना मिळालेले, पण अद्याप नागरिक न झालेले मराठी कुटुंब देशाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या नेत्याच्या निवडीत मात्र देऊ शकते. नेतेपदाचे उमेदवार स्थलांतरितांच्या वस्त्यांत सदस्यनोंदणीचा धडाका लावतात, त्याचे एक कारण हे आहे. २०२२ च्या नेतानिवडीत मतदानास पात्र सदस्य सुमारे ६,७८,००० होते, तर आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला ५७ लाखांहून अधिक मते मिळाली होती. पक्षाच्या साधारण आठ-नऊ मतदारांमागे एक सदस्य, असे हे प्रमाण पडते. त्याआधीच्या, २०२० च्या नेतानिवडीत तर पात्र सदस्य याच्या निम्म्याहूनही कमी होते. तेव्हा ‘सदस्यांना काय वाटते’ हे ‘पक्षाच्या मतदारांना काय वाटते’ याचे उत्तर म्हणून वापरणे धोक्याचे आहे.

देणगीदारांचा गट वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. कॅनडात २००७ पासून कंपन्या आणि कामगार संघटना यांना संघराज्य पातळीवरील पक्षांना देणगी देण्यास पूर्ण मनाई आहे, आणि व्यक्तीने वर्षभरात द्यावयाच्या रकमेवर मर्यादा आहे; २०२५ मध्ये ती १,७५० डॉलर होती. त्यामुळे पक्षाची तिजोरी हजारो लहान देणगीदारांवर चालते. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०२४ मध्ये ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, आणि ती अन्य कोणत्याही पक्षाच्या दुपटीहून जास्त होती. दोन-पाचशे डॉलर देणारा माणूस रागावलेला किंवा भारावलेला असतो. शांत, समाधानी मतदार सहसा देणगी देत नाही. पक्षाची देणगी मागणारी पत्रे कोणत्या विषयांवर बेतलेली असतात, हे पाहिले की निष्ठावंतांच्या भावना कोठे गुंतल्या आहेत याचा अंदाज येतो. बंदुकांवरील निर्बंध, सरकारी प्रसारण संस्था सीबीसी आणि कर हे त्यांतले नेहमीचे विषय.

तिसरा गट, म्हणजे काहीही झाले तरी याच पक्षाला मत देणारे, मोजण्यासाठी पक्षाच्या वाईट निवडणुका पाहाव्यात. २००४ मध्ये पक्षाला २९.६ टक्के मते होती. २०१५ मध्ये जवळजवळ दहा वर्षांच्या सत्तेनंतर हरतानाही ३१.९ टक्के मिळाली. यावरून पक्षाची हक्काची मते तीस टक्क्यांच्या आसपास धरता येतात, आणि २०२५ च्या ४१.३ टक्क्यांतील उरलेला दहा-अकरा टक्क्यांचा थर येणारा-जाणारा आहे असे मानता येते. येथे २००० सालचा आकडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी पश्चिमेकडील प्रांतांत जोर असलेल्या कॅनेडियन अलायन्सला २५.५ आणि जुन्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १२.२ टक्के मते पडली होती. डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही पक्ष विलीन होऊन आजचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष बनला, तेव्हा बेरजेने ३७.७ टक्के हाती यायला हवे होते, पण आले २९.६. जुन्या पक्षाचे मध्यममार्गी मतदार विलीनीकरणाबरोबर आपोआप आले नाहीत. आजच्या अंतराचा उगम मला तरी त्या न आलेल्या आठ टक्क्यांत दिसतो.

नेतानिवडीचे निकाल वाचताना

भारतातील वाचकाला पक्षनेता लाखो सदस्यांच्या गुप्त मतदानाने निवडला जाणे अपरिचित आहे, म्हणून ही पद्धत नीट समजून घ्यावी. सदस्य उमेदवारांना पसंतीक्रम देतात. मात्र मते थेट मोजली जात नाहीत. प्रत्येक मतदारसंघाला १०० गुण असतात आणि तेथील मतांच्या प्रमाणात ते वाटले जातात. अल्बर्टातील हजारो सदस्य असलेला मतदारसंघ आणि क्युबेकमधील शे-दोनशे सदस्यांचा मतदारसंघ यांचे वजन एकच. विलीनीकरणाच्या वेळी पश्चिमेतील प्रचंड सदस्यसंख्येखाली आपण दबून जाऊ, या भीतीने प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह बाजूने ही अट घातली होती. (२०२१ नंतर ज्या मतदारसंघात शंभरहून कमी मते पडतात, तेथे एका मताला एक गुण असा बदल झाला आहे.)

यामुळे गुणांचा निकाल आणि सदस्यांची खरी पसंती यांत फरक पडू शकतो. २०२० मध्ये लेस्लिन लुइस यांना दुसऱ्या फेरीत अखेर जिंकलेले एरिन ओटूल आणि पीटर मॅके या दोघांपेक्षाही अधिक मते होती. परंतु गुणांत त्या तिसऱ्या राहिल्या आणि बाद झाल्या. लुइस गर्भपात आणि कुटुंबविषयक प्रश्नांवर उघडपणे परंपरावादी भूमिका घेणाऱ्या, आणि तोवर देशाच्या राजकारणात जवळजवळ अनोळखी. केवळ अंतिम फेरी पाहणाऱ्याला त्या वर्षी सदस्यांचा कल नेमका किती उजवीकडे होता हे कळणारच नाही. म्हणून प्रत्येक फेरीचे गुण आणि प्रत्यक्ष मते हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचावेत.

२०१७ ची निवड आणखी वेगळ्या कारणाने वाचण्यासारखी आहे. तेराव्या फेरीत अँड्र्यू शिअर यांनी मॅक्सिम बर्निए यांचा ५०.९५ विरुद्ध ४९.०५ टक्के असा निसटता पराभव केला. बर्निए यांनी दुग्धव्यवसायातील उत्पादन-नियंत्रणाची व्यवस्था मोडण्याचे आश्वासन दिले होते, आणि ती व्यवस्था टिकावी म्हणून क्युबेकमधील दूध उत्पादक सदस्य होऊन शिअर यांच्या बाजूने उतरले. म्हणजे ‘पक्षाच्या निष्ठावंतांनी’ निवडलेल्या नेत्यामागे काही हजार असे लोकही होते, ज्यांना पक्षाच्या विचारसरणीशी विशेष देणेघेणे नव्हते. नेतानिवडीतील सदस्य आणि पक्षाचा कायमचा आधार हे एकच आहेत, असे गृहीत धरू नये, ते यासाठी.

२०२२ मध्ये मात्र शंकेला जागा उरली नाही. पॉलिएव्ह यांनी पहिल्याच फेरीत ६८ टक्क्यांहून अधिक गुण मिळवले आणि क्युबेकचे माजी मुख्यमंत्री, मध्यममार्गी जाँ शारे यांना सोळा टक्क्यांवर समाधान मानावे लागले. पॉलिएव्ह यांनी त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत लसीकरणाच्या सक्तीविरोधात ओटावा अडवून बसलेल्या ट्रकचालकांना उघड पाठिंबा दिला होता; त्या काळातल्या सर्वेक्षणांत बहुसंख्य कॅनेडियन या आंदोलनाच्या विरोधात होते. सदस्य आणि देश यांच्यातले अंतर इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

अधिवेशनातील ठराव : मथळ्याच्या पलीकडे

अधिवेशनाचे प्रतिनिधी हा सदस्यांतूनही गाळून आलेला, आणखी लहान गट असतो. प्रवासाचा, राहण्याचा आणि नोंदणीचा खर्च पदरचा करून येणारी ही माणसे हाडाची कार्यकर्ती असतात. त्यांच्या मतदानाला महत्त्व द्यावे, पण ठरावाचा पूर्ण मजकूर वाचल्यावरच.

मार्च २०२१ च्या अधिवेशनाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ‘हवामानबदल खरा आहे हे मान्य करण्यास कन्झर्व्हेटिव्ह प्रतिनिधींचा नकार’ अशा आशयाच्या बातम्या तेव्हा जगभर गेल्या. ५४ टक्के प्रतिनिधींनी ठराव फेटाळला, हे खरे. पण त्याच ठरावात अधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांनी जास्त जबाबदारी उचलावी असेही म्हटले होते, आणि तेलावर पोट असलेल्या प्रांतांच्या प्रतिनिधींना ते कलम झोंबणे स्वाभाविक होते. दुसरे असे की, ४६ टक्क्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. निष्ठावंतांत एकमत नाही, हीच खरे तर बातमी होती. तरीही निवडणुकीच्या दृष्टीने नुकसान झालेच, कारण टोरंटोच्या उपनगरातील मतदाराने ठराव नव्हे, मथळा वाचला.

सामाजिक प्रश्नांवरील दोन ठराव याच्या जोडीला ठेवावेत. २०१६ च्या व्हँकूव्हर अधिवेशनात विवाहाची ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ ही व्याख्या धोरणातून काढण्याचा ठराव १,०३६ विरुद्ध ४६२ अशा मोठ्या फरकाने संमत झाला. २०१८ च्या हॅलिफॅक्स अधिवेशनात, पक्षाचे सरकार गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या कायद्याला पाठिंबा देणार नाही हे कलम वगळण्याचा प्रयत्न झाला. तो ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी फसला. पहिल्या प्रश्नावर कार्यकर्ते देशाबरोबर पुढे सरकले, तर दुसऱ्यावर जवळजवळ निम्मे प्रतिनिधी देशातील प्रस्थापित मतापासून दूर राहिले. जून २०२१ मध्ये लिंगनिवडीसाठी केलेल्या गर्भपातावर बंदी आणणारे खासगी विधेयक लोकसभागृहात २४८ विरुद्ध ८२ मतांनी पडले, तेव्हा त्या ८२ पैकी ८१ मते कन्झर्व्हेटिव्ह खासदारांची होती, हेही येथे आठवावे.

नकाशा

प्रमाण सांगणाऱ्या आकड्यांपेक्षा नकाशा कधीकधी जास्त बोलतो. २०२५ मध्ये अल्बर्टातील ३७ पैकी ३४ आणि सस्कॅचवानमधील १४ पैकी १३ जागा पक्षाने जिंकल्या, आणि दोन्ही प्रांतांत त्याला सुमारे ६४ टक्के मते मिळाली. त्याच दिवशी माँट्रियल बेटावर पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

पश्चिमेकडील ही निष्ठा निव्वळ विचारसरणीची नाही. १९८० मध्ये पिएर ट्रुडो यांच्या सरकारने आणलेल्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाने अल्बर्टाच्या तेलाचा नफा मध्य कॅनडाकडे वळवला जात आहे, ही भावना तेथे खोल रुजली. १९८७ मध्ये प्रेस्टन मॅनिंग यांनी स्थापन केलेला रिफॉर्म पक्ष याच असंतोषातून वाढला. १९९३ मध्ये त्याला ५२ जागा मिळाल्या आणि सत्तेवरचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष अवघ्या दोन जागांवर आला. कॅनेडियन अलायन्स हे रिफॉर्मचेच पुढचे रूप, म्हणून आजच्या पक्षाचा कणा रिफॉर्मचा आहे. तेल, पाइपलाइन आणि कार्बन कर (इंधनाच्या प्रदूषणावरील कर) हे विषय तेथील निष्ठावंताला पर्यावरणाचे वाटतच नाहीत, ते त्याला स्वतःच्या नोकरीचे आणि प्रांताच्या मानाचे वाटतात. ही पार्श्वभूमी ज्याला ठाऊक नाही, तो सर्वेक्षणातील ‘हवामानाविषयी उदासीन’ हा रकाना चुकीच्या अर्थाने वाचतो.

या भौगोलिक एकवटीची किंमतही मोजावी लागते. २०१९ मध्ये पक्षाला ३४.३ टक्के आणि लिबरल पक्षाला ३३.१ टक्के मते होती, पण जागा मिळाल्या १२१ विरुद्ध १५७. २०२१ मध्येही तसेच झाले. एका मतदारसंघात सत्तर-ऐंशी टक्के मते घेण्याचा काहीच उपयोग नसतो. सत्तेचा हिशेब टोरंटोभोवतीच्या ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, मार्कहम, व्हॉन या उपनगरांत सुटतो. ऑन्टारियोच्या १२२ जागांपुढे अल्बर्टा आणि सस्कॅचवान मिळून ५१ भरतात. म्हणून निकालाचा अभ्यास करताना देशपातळीची टक्केवारी बाजूला ठेवून पक्षाच्या मतांचा वाटा प्रांतवार आणि शक्य तर मतदारसंघवार मांडावा. इलेक्शन्स कॅनडा ही यंत्रणा मतदानकेंद्रनिहाय निकालही प्रसिद्ध करते.

सर्वेक्षणांचे तक्ते कसे वाचावेत

अँगस रीड, अबॅकस, लेजे, नॅनोस, इप्सॉस अशा संस्थांच्या अहवालांत शेवटी पक्षनिहाय तक्ते दिलेले असतात. अंतर शोधणाऱ्याने पहिल्या पानावरचा निष्कर्ष सोडून थेट तेथे जावे. मात्र तेथे पोहोचल्यावर पहिली तपासणी संख्येची करावी. १,५०० जणांच्या नमुन्यात कन्झर्व्हेटिव्ह मतदार ५०० असतील, तर त्यांच्याविषयीच्या आकड्यात वर-खाली चार-साडेचार टक्क्यांची चूक संभवते. आणि त्यांतले अल्बर्टातील ६० वेगळे काढले, तर ती चूक बारा-तेरा टक्क्यांवर जाते. त्यातही ही सर्वेक्षणे बहुधा इंटरनेटवरील तयार गटांतून होतात, त्यामुळे ही गणिती मर्यादादेखील केवळ अंदाजापुरती घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे मताची दिशा, मताची तीव्रता आणि विषयाचा अग्रक्रम या तीन वेगळ्या बाबी आहेत. बंदुकांचा प्रश्न घ्या. मे २०२० मध्ये लिबरल सरकारने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. शहरी मतदार या बंदीच्या बाजूने असतो, पण मत ठरवताना त्याला ती क्वचितच आठवते. ग्रामीण सस्कॅचवानमधल्या बंदूकधारकासाठी तीच गोष्ट मत ठरवणारी, देणगी द्यायला लावणारी आणि नेत्याला धारेवर धरायला लावणारी असते. नुसते ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ हे दोन रकाने पाहिले तर हा फरक हाती लागत नाही. ‘अत्यंत’ आणि ‘काहीसे’ असे विभाजन, आणि ‘तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता’ या प्रश्नाचे उत्तर, हे दोन्ही पाहावे लागतात.

तिसरी खबरदारी उलट दिशेची आहे. बहुमत एखाद्या भूमिकेशी सहमत असले, म्हणून ती भूमिका मते आणते असे नाही. २०१५ च्या प्रचारात तत्कालीन पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या पक्षाने नागरिकत्वाच्या शपथविधीत नकाब घालण्यास मनाई करण्याचा मुद्दा लावून धरला. सर्वेक्षणे सांगत होती की बहुसंख्य लोक मनाईच्या बाजूने आहेत. त्यापाठोपाठ ‘रानटी सांस्कृतिक प्रथा’ कळवण्यासाठी पोलिसांची खास दूरध्वनी सेवा सुरू करण्याचे आश्वासन आले, आणि हार्पर यांचे मंत्री जेसन केनी यांनी वर्षानुवर्षे गुरुद्वारे, मंदिरे आणि सामुदायिक मेळावे पालथे घालून उपनगरांत जोडलेले स्थलांतरित मतदार सावध झाले. आपण ज्या देशात घर घेतले, तेथे शेजाऱ्याला आपल्याविषयी तक्रार करायला सांगितले जात आहे, हे त्यांना खटकले. २०११ मध्ये बहुमत मिळवून देणारी ती उपनगरे पक्षाच्या हातून गेली. सर्वेक्षणातील कोणताही एक रकाना हे आधी सांगू शकला नसता.

नेता कोठे वळतो, ते पाहावे

अंतर मोजण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन माझ्या मते सर्वेक्षण नव्हे, तर नेत्याची कोलांटउडी हे आहे. सदस्यांसमोर दिलेले वचन आणि देशासमोर मांडलेला जाहीरनामा शेजारी ठेवावा. जेथे शब्द बदलले, तेथे अंतर आहे असे खुद्द पक्षानेच कबूल केलेले असते.

एरिन ओटूल यांची कारकीर्द या दृष्टीने जणू पाठ्यपुस्तकच आहे. २०२० मध्ये ते खरेखुरे कन्झर्व्हेटिव्ह म्हणून उभे राहिले, कार्बन कर हटवण्याचे वचन दिले आणि मॅके यांना मिळमिळीत ठरवून जिंकले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी स्वतःचीच कार्बन-आकारणीची योजना जाहीर केली, ज्यात इंधनावर भरलेली रक्कम ग्राहकाच्या बचतखात्यात जमा होणार होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत २०२० ची बंदूकबंदी रद्द करण्याचे आश्वासन जाहीरनाम्यात होते. प्रचार ऐन रंगात असताना, लिबरल टीकेचा मारा सुरू होताच, त्यांनी ती बंदी तूर्त कायम राहील असे सांगितले. निष्ठावंतांना हा दगा वाटला, आणि मध्यममार्गी मतदाराला हा माणूस नेमका कोण आहे ते कळेना. लसीकरणाच्या सक्तीवर नाराज असलेले काही जण बर्निए यांनी वेगळे होऊन काढलेल्या पीपल्स पार्टीकडे गेले, जिला ४.९ टक्के मते मिळाली पण जागा एकही नाही. शेवटी २ फेब्रुवारी २०२२ रोजी ओटूल यांच्याच खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना पदावरून दूर केले.

हार्पर यांची रीत निराळी होती. समलिंगी विवाहाचा प्रश्न पुन्हा उघडण्याचा ठराव त्यांनी डिसेंबर २००६ मध्ये सभागृहात आणला, तो १७५ विरुद्ध १२३ मतांनी पडला, आणि विषय त्यांनी मिटवून टाकला. २०१२ मध्ये गर्भाच्या कायदेशीर दर्जाचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असा प्रस्ताव त्यांच्याच पक्षाच्या खासदाराने मांडला. हार्पर यांनी त्याच्या विरोधात मत दिले, पण काही मंत्र्यांना बाजूने मत देऊ दिले. निष्ठावंतांना बोलू द्यायचे, करात सूट आणि लांब नळीच्या बंदुकांची नोंदवही रद्द करणे यांसारख्या ठोस गोष्टी द्यायच्या, आणि देश ज्या प्रश्नांवर बिथरेल ते मंत्रिमंडळाच्या दाराबाहेर ठेवायचे, अशी ती विभागणी होती. हार्पर पश्चिमेचे आणि रिफॉर्मच्या मुशीतले असल्यामुळे त्यांना ती परवडली. ओटूल यांच्याकडे ती पत नव्हती.

२०२५ वर हीच पद्धत लावून पाहिली तर

२०२३ आणि २०२४ मध्ये देशासमोरचे मुख्य प्रश्न महागाई, घरांच्या किमती, भाडी आणि कार्बन कर हे होते. या प्रश्नांवर निष्ठावंत आणि सर्वसाधारण मतदार यांत अंतर उरलेच नव्हते. एप्रिल २०२४ च्या कार्बन-करवाढीला न्यूफाउंडलँडच्या लिबरल मुख्यमंत्र्यांनीही विरोध केला होता. घर घेण्याची आशा सोडलेले तरुण, विशेषतः तरुण पुरुष, पक्षाकडे वळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये काही सर्वेक्षणांत आघाडी २० टक्क्यांच्या पुढे गेली. निष्ठावंतांचा नेता आणि देशाचा राग एकाच दिशेने चालले होते.

मग तीन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली, त्यांच्या जागी आलेल्या मार्क कार्नी यांनी पंतप्रधान होताच ग्राहकांवरील कार्बन कर शून्यावर आणला, आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्क लादत कॅनडाला ५१वे राज्य म्हणून हिणवले. प्रश्नपत्रिकाच बदलली, आणि नव्या प्रश्नावर अंतर मोठे होते. कॅनडा अमेरिकेत विलीन व्हावा असे कन्झर्व्हेटिव्ह मतदारांपैकीही फार थोड्यांना वाटत होते. परंतु ट्रम्प यांच्याविषयी सहानुभूती बाळगणारा लक्षणीय अल्पसंख्य गट जर कोणत्या पक्षात होता, तर तो याच पक्षात. पॉलिएव्ह यांना हा गट न दुखावता देशाचा संताप बोलून दाखवायचा होता. ‘कॅनडा प्रथम’ ही त्यांची घोषणा ऐकताना अनेकांना सीमेपलीकडचीच घोषणा आठवली. साठीपुढचे मतदार कार्नींकडे सरकले, आणि डावीकडच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे पाठीराखे इतक्या मोठ्या संख्येने लिबरलांकडे गेले की तो पक्ष ७ जागांवर आला.

येथे एक तुलना आवर्जून करावी. २०११ मध्ये हार्पर यांना ३९.६ टक्क्यांत बहुमत मिळाले, कारण विरोधी मते न्यू डेमोक्रॅटिक आणि लिबरल पक्षांत फुटली होती. २०२५ मध्ये ४१.३ टक्के मिळूनही १४४ विरुद्ध १६९ जागांनी पराभव झाला, कारण ती एकवटली. सर्वसाधारण मतदार हा एकसंध गट नाही. निष्ठावंतांचा नेता त्याला किती धास्तावतो, यावर तो एकत्र येतो किंवा विखुरतो. म्हणून नेत्याविषयीचे ‘अत्यंत प्रतिकूल’ मत असलेल्यांचा आकडा हा पक्षाच्या स्वतःच्या टक्केवारीइतकाच लक्षपूर्वक पाहावा.

काही सावधगिरी

प्रांतीय पक्षांना संघराज्य पातळीवरील पक्षाची शाखा समजू नये. ऑन्टारियोचे कन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्पविरोधी सूर लावून बहुमत मिळवले, आणि त्यांच्या प्रचारप्रमुखाने पुढे पॉलिएव्ह यांच्या प्रचारावर जाहीर टीका केली. फोर्ड यांना मत देणारा मिसिसॉगातील मतदार दोन महिन्यांनी लिबरल उमेदवाराला मत देऊ शकतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही.

क्युबेक वेगळे काढूनच हिशेब करावा. तेथील कन्झर्व्हेटिव्ह मतदार क्युबेक शहर आणि बोस भागात एकवटला आहे, आणि त्याचे प्रश्न अल्बर्टाचे नाहीत. सीबीसीच्या इंग्रजी सेवेचा निधी बंद करू पण फ्रेंच भाषेतील रेडिओ-कॅनडा ठेवू, हे पक्षाचे आश्वासन नेमकी हीच फट सांगते.

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचा साचा येथे बसवू नये. सरकारी आरोग्यसेवेच्या मूळ तत्त्वाला कन्झर्व्हेटिव्ह नेते उघड विरोध करत नाहीत, आणि स्थलांतरितांची मते मिळवल्याखेरीज त्यांना सत्ता मिळू शकत नाही. २०२५ मध्ये ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये लिबरल मंत्री कमल खेरा यांना कन्झर्व्हेटिव्ह अमरजीत गिल यांनी हरवले. बंगल्यांच्या आणि तळघरातल्या भाडेकरूंच्या त्या वस्तीत गुन्हेगारी आणि घरखर्च हे विषय ट्रम्प यांच्यापेक्षा जवळचे ठरले असावेत, असा माझा तर्क आहे. तेथील मतदार निष्ठावंत नाही, पण या वेळी तो निष्ठावंतांच्या रांगेत उभा राहिला.

पुढील निवडणुकीसाठी अशा मतदारसंघांची एक छोटी यादी करून ठेवावी आणि प्रत्येक सर्वेक्षण तिच्याशी ताडून पाहावे. त्या यादीत मिल्टन ईस्ट–हाल्टन हिल्स साउथ हे नाव पहिले लिहावे. २०२५ मध्ये फेरमोजणीनंतर तेथे लिबरल उमेदवार २१ मतांनी जिंकला.